आधी जेवण, मग कारणं

पत्र:
माझी मुलगी १५ वर्षांची आहे. पहिल्यापासून हुशार, शिस्तीची. आठ महिन्यांपूर्वी तिने गोड खाणं बंद केलं, तेव्हा आम्हाला कौतुकच वाटलं. मग तळलेलं गेलं, मग रात्रीचं जेवण गेलं. आता एका फळाच्या नखाएवढ्या फोडी करते, पाऊण तास त्या चघळत बसते आणि 'पोट भरलं' म्हणून उठते. स्वयंपाकघरात मात्र तासन् तास असते. आमच्यासाठी नवनवीन पदार्थ करते, आग्रह करकरून वाढते आणि आम्ही खाताना बघत बसते. अभ्यास उभ्याने करते. ऐन उकाड्यात स्वेटर घालते. चार महिने पाळी आलेली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. 'या वयात मुली करतात डाएट' म्हणाले. मला ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराची, शंका येते. तिला विचारलं तर म्हणते, मला काही झालेलं नाही, तुम्हालाच वेड लागलंय. गेल्या आठवड्यात माझा तोल गेला, मी तिचं ताट भिंतीवर फेकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बायको म्हणते, जबरदस्ती केली तर आणखी हट्टाला पेटेल, तिला स्वतःला पटेपर्यंत थांबू. धाकटा मुलगा हल्ली आपल्या खोलीत जेवतो. आमचं काय चुकलं? फोन दिला तिथेच चुकलं का?
– एक बाबा

उत्तर:
नमस्कार.

काय चुकलं याकडे मी येईन, पण ते नंतर. आधी एक काम, आणि ते उद्याच करायचं आहे. लेकीला पुन्हा डॉक्टरांकडे न्या. शक्यतो अशा बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे, ज्यांनी खाण्याचे आजार पाहिलेले आहेत. तिथे गेल्यावर नुसते रिपोर्ट पुढे ठेवू नका. झोपवून आणि मग उभं करून, अशी दोन्ही वेळा नाडी आणि रक्तदाब मोजायला सांगा. ईसीजी काढायला सांगा. अंगाचं तापमान बघायला सांगा. लहानपणापासूनच्या उंची-वजनाच्या नोंदी असतील तर त्या घेऊन जा. आजचा एक आकडा काही सांगत नाही, रेघ कुठून कुठे घसरली ते सांगते. थायरॉइड, मधुमेह, आतड्याचे आजार यांनीही वजन उतरतं, तेही तपासून होईल.

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येणं ही या आजारातली सगळ्यांत फसवी गोष्ट. शरीर रक्तातली पातळी फार उशिरापर्यंत सांभाळून धरतं. त्यासाठी स्नायू मोडतं, हाडं मोडतं, हृदयाचा स्नायूही सोडत नाही. घर बाहेरून नीटनेटकं दिसावं आणि आत एकेक वासा काढून चुलीत घातला जात असावा, तसं. जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली असेल, वरचा रक्तदाब ९०च्या खाली असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, ती चक्कर येऊन पडली असेल, पाणीसुद्धा नाकारत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कोणी म्हणेल की खेळाडूंची नाडी मंदच असते. खेळाडूंची असते, वजन उतरलेल्या, पाळी थांबलेल्या मुलीची मंद नाडी म्हणजे हृदयाने सुरू केलेली काटकसर. आणि कोणी 'वजन अजून तक्त्यात बसतंय' म्हणून परत पाठवलं तर तेही ऐकू नका. ज्या मुलीचं वजन मुळात जास्त होतं आणि झपाट्याने उतरलं, तिचं शरीरही तितकंच धोक्यात असतं, फक्त कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणखी एक इशारा. हे पत्र वाचून आज रात्रीच तिला भरपेट जेवू घालायला जाऊ नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली येऊ शकतं आणि हृदय अडखळतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. किती वाढवत न्यायचं, सुरुवात घरी करायची की रुग्णालयात, हे तपासणी झाल्यावर डॉक्टर ठरवतील.

आता तुमच्या पत्राकडे. निदान मी पत्रावरून करणार नाही, पण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलकी वाटली. ती तुमच्यासाठी स्वयंपाक करते आणि तुम्ही खाताना बघत बसते. भूक मेलेलं माणूस असं करत नाही. 'ॲनोरेक्सिया' या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ भूक नसणं असा आहे, आणि हे नाव साफ चुकीचं आहे. भूक असते. प्रचंड असते. दिवसभर डोक्यात अन्नच असतं.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घेणार नाही म्हणालेले हे तरुण स्वखुशीने आले होते. महायुद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं, हे शोधायचं होतं. सहा महिने त्यांना जेमतेम निम्मं अन्न दिलं गेलं, वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं. मग काय झालं? ही पुरुष मंडळी पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली. पुढ्यातलं अन्न ढवळत, तुकडे करत, तासन् तास पुरवून खाऊ लागली. उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. माणसांत मिसळेनाशी झाली, चिडकी झाली, उदास झाली, कशात लक्ष लागेना. यातल्या कोणालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. कोणाला बारीक व्हायचं नव्हतं. म्हणजे तुम्हाला लेकीत जे परकं, विचित्र दिसतंय, त्यातलं बरंचसं तिचं नाहीच. उपाशी मेंदू असाच वागतो.

एक फरक मात्र आहे. त्या तरुणांना अन्न समोर आलं की सुटल्यासारखं व्हायचं. तुमच्या लेकीला अन्न समोर आलं की धडकी भरते, आणि नाकारलं की क्षणभर शांत वाटतं. त्या शांततेची चटक लागते. तुम्हाला हट्ट दिसतो. तिच्या आत जे चाललंय ते भीतीच्या जास्त जवळचं आहे. 'मला काही झालेलं नाही' हेही ती खोटं बोलत नाही. तिला खरंच दिसत नाही. आणि 'पोट भरलं' हेसुद्धा पूर्ण खोटं नाही बरं का. उपासमारीत जठर मंद पडतं, चार घासांनी पोट तट्ट फुगल्यासारखं वाटतं. नियमित जेवण सुरू झालं की काही आठवड्यांत ते सुधारत जातं.

म्हणूनच तुमच्या पत्नीचं म्हणणं मी अर्धंच मान्य करते. आरडाओरडा, धमक्या, ताट फेकणं यांनी काही साधत नाही, हे त्यांचं खरं. पण 'तिला पटेपर्यंत थांबू' हे मी मान्य करणार नाही. ज्या मेंदूने पटवून घ्यायचं तोच उपाशी आहे. तो भरल्याशिवाय त्याला पटणार नाही आणि पटल्याशिवाय भरायचा नाही असं ठरवलं, तर या फेऱ्यातून सुटका कुठे? पटणं मागाहून येतं, कित्येक महिन्यांनी.

आणि थांबण्याची किंमत या वयात फार मोठी आहे. चाळिशीतल्या माणसाचं शरीर उपासमारीत असलेलं गमावतं. १५ वर्षांच्या मुलीचं शरीर असलेलं तर गमावतंच, पण जे घडायचं होतं तेही अडतं. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या भांडवलाचा मोठा वाटा याच काही वर्षांत जमा होतो. पाळी थांबली याचा अर्थ इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं आणि ते भांडवल भरणं थांबलं. गोळ्या देऊन पाळी 'आणली' तर रक्तस्राव दिसेल, समाधान वाटेल, पण हाडं त्याने सावरत नाहीत. खाऊन, वजन येऊन, आपणहून आलेली पाळीच खरी. वाढ पूर्ण झाली नसेल तर उंची खुंटू शकते. केस गळतात आणि उलट हातांवर, पाठीवर तान्ह्या बाळासारखी बारीक लव येते. स्वेटर कशासाठी हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. पण तो सैल स्वेटर थंडीबरोबर बाकीचंही झाकतो, हेही लक्षात असू द्या. मेंदूच्या स्कॅनमध्ये करडा भाग आक्रसलेला दिसतो, आणि (ही चांगली बातमी) वजन परत आल्यावर बराचसा भरून येतो. मानसिक आजारांपैकी सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांत याची गणना होते. जे दगावतात त्यांच्यातला साधारण पाचातला एक आत्महत्येने जातो. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. घरात कोणी 'वय आहे, जाईल आपोआप' म्हणालं तर उत्तर हाताशी असावं म्हणून लिहिते.

आता फोन. १६८९ साली रिचर्ड मॉर्टन नावाच्या इंग्रज वैद्याने दोन रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. एक १८ वर्षांची मुलगी, अभ्यासात गढलेली, कातडी पांघरलेल्या सांगाड्यासारखी. दुसरा १६ वर्षांचा मुलगा. मुलगी गेली, मुलगा बराचसा सावरला. (मुलग्यांनाही हा आजार होतो, हे तेव्हा लिहिलं गेलं आणि पुढे सगळे विसरले. आजही मुलग्यांचं निदान उशिराच होतं.) १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनी एकमेकांवर अवलंबून न राहता याच आजाराबद्दल लिहिलं, आजचं नाव गलने दिलं. तेव्हा कोणाच्या हातात फोन होता? जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजाराकडे झुकणारा कल निम्म्याच्या आसपास आनुवंशिक असल्याचं दिसतं. २०१९मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांच्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाच्या आजारांशी होता तसाच शरीराच्या चयापचयाशीही होता. फोन निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. बारीक अंगांचे व्हिडिओ एकामागून एक पुढे सरकवणारी ती यंत्रणा आगीत तेल नक्कीच ओतते. लेकीच्या फोनवर काय चालतं ते तिच्याबरोबर बसून बघा. पण ठिणगी एकट्या फोनची नसते. बहुतेक वेळा ती साध्या डाएटची, आजारपणात उतरलेल्या वजनाची किंवा खेळाच्या सरावाची असते. शंभर मुली डाएट करतात आणि सोडून देतात. एखादीच्या शरीरात असं काही असतं की तिला सोडता येत नाही.

तुम्ही सुरुवातीला कौतुक केलंत, त्याचं ओझं मनावर घेऊ नका. कोणीही केलं असतं.

गलची एक गंमत सांगते. त्याने लिहिलं होतं की रुग्णाला ठरावीक वेळांनी खाऊ घाला, त्याच्या इच्छेचा विचार करू नका आणि नातेवाइकांना शक्यतो लांब ठेवा, कारण शुश्रूषेला त्यांच्याइतकं वाईट कोणी नाही. खाऊ घालण्याचं अजून खरं आहे. नातेवाइकांना लांब ठेवण्याने मात्र शंभर वर्षं घात केला. आईबापच आजाराचं मूळ, असं समजून मुलांना त्यांच्यापासून तोडलं गेलं. मग १९८०च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या मंडळींनी हे उलटं केलं: कारण कोणतंही असो, जेवू घालण्याचं काम आईवडिलांच्याच हाती द्यायचं, उपचारकाने त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. याला कुटुंबाधारित उपचार म्हणतात. २०१०मध्ये १२१ मुलामुलींची एक चाचणी प्रसिद्ध झाली. उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीने गेलेल्यांपैकी जवळपास निम्मी पूर्ण बरी होती, एकेकट्याने समुपदेशन घेतलेल्यांपैकी जेमतेम पाव. या आजारावर मंजूर झालेलं असं औषध आजही नाही. अन्न हेच औषध.

म्हणून 'आमचं काय चुकलं' हा प्रश्न सध्या कपाटात ठेवा. त्याच्या उत्तराने आजचं जेवण होणार नाही.

घरी हे कसं दिसतं? काय, किती आणि कधी खायचं हे आता तुम्ही दोघं ठरवायचं. तिने स्वयंपाकघरात जायचं नाही, वाढून घ्यायचं नाही, मोजायचं नाही. घरातला वजनकाटा उचलून ठेवा. वजन डॉक्टरांकडे होईल. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, आणि प्रत्येक वेळी तुमच्यापैकी एकजण शेजारी. शाळेतला व्यायाम आणि उभ्याने अभ्यास बंद. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ते उभं राहणंही आजाराचंच. पहिल्या दिवशी ती ताट सरकवेल. मग वाटाघाटी सुरू होतील: हे नको, ते चालेल, एवढं नको, उद्या नक्की. वादात उतरू नका, त्यात ती तुम्हाला हरवेल. एवढंच म्हणा, 'तुला जड जातंय, मला दिसतंय. मी इथेच आहे. पुढचा घास घे.' मग गप्प बसा. दोन मिनिटांनी तेच वाक्य, त्याच आवाजात. बाहीत, रुमालात, खिशात अन्न जाईल. सापडलं तर पंचनामा करू नका, तेवढंच पुन्हा वाढा. माझ्याकडे येणारे एक वडील जेवताना शब्दकोडं घेऊन बसायचे. 'आडवं सात, चार अक्षरी' असं विचारायचे. मुलगी वैतागून उत्तर द्यायची आणि त्या वैतागात एक घास जायचा. एक ताट संपायला कधी दीड तास लागायचा. त्यांनी ती सगळी कोडी जपून ठेवली आहेत.

ती तुम्हाला शत्रू म्हणेल. तुम्ही तिच्या बाजूचे आणि आजाराच्या विरोधात आहात, हे तिला बोलून दाखवा, पण तिने मान्य करावं अशी अपेक्षा ठेवू नका. वजन येऊ लागलं की मन आधी आणखी बिघडतं, रडारड वाढते. नेमकं तेव्हाच घरातलं कोणीतरी विरघळतं आणि म्हणतं, आज राहू दे. तुम्ही दोघं एका सुरात नसाल तर आजार त्याच फटीतून आत येतो. त्यामुळे मतभेद असतील ते तिच्या माघारी, दार लावून. आणि ती उलट्या करत असेल, एकही घास घेत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर घरच्या प्रयत्नांचा हट्ट धरू नका. रुग्णालयात भरती करणं म्हणजे तुमची हार नव्हे.

दिसण्याबद्दल काहीही बोलू नका, चांगलंही नाही. हे मी माझ्या चुकीतून शिकले. कामाला नवीन असताना एका मुलीचं वजन जरा वाढलं, गालांवर रंग आला. मी आनंदाने म्हणाले, 'आता किती छान दिसतेस!' तिने ऐकलं 'जाड दिसतेस'. पुढचे तीन दिवस तिने ताटाला हात लावला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांनाही आधीच बजावून ठेवा. 'किती बारीक झालीस' हे तर तिला बक्षीस वाटतं.

ताट फेकल्याबद्दल तिची माफी मागा. एकदाच, दोन वाक्यांत: मी फेकलं ते चुकलं, मी घाबरलो होतो. त्याला 'पण तू खात नाहीस म्हणून' अशी शेपटी लावू नका. ती लगेच बोलेल असं नाही. तिची पाळी परत येईपर्यंत, ती मैत्रिणींबरोबर बसून न मोजता खाईपर्यंत वर्षही लागू शकतं. मग एकेक जेवण तिच्या हाती परत द्यायचं, आधी कमी धास्तीचं. मार्क, परीक्षा, एखादं वर्ष मागे पडलं तर पडू दे.

आणि धाकट्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ती मी तीनदा वाचली. त्याला टेबलावर परत बोलवा. ताईने किती खाल्लं, कुठे लपवलं, हे त्याने बघायचं नाही आणि तुम्हाला सांगायचंही नाही. त्याला पहारेकरी करू नका. त्याने शाळेतल्या भानगडी सांगाव्यात, आणि जेवणानंतर ताई रडत असेल तर वाटल्यास तिच्याशेजारी जाऊन बसावं. त्या रात्री ताट भिंतीवर आपटलं तेव्हा तो घरात कुठे होता, हे त्याला अजून कोणी विचारलं नसेल, तर आज विचारा.